गोष्ट कुणाची? चिऊची की काऊची?

चार वर्षांच्या भाचीला झोपवताना मी काऊ-चिऊची गोष्ट सांगत होते. आपण सगळे जिच्यावर वाढलो, तीच. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठ्ठा पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, काऊ चिऊच्या दारावर टकटक करतो. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे.’ पुन्हा टकटक. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे.’ तिसऱ्या ‘थांब’ला भाची ताडकन उठून बसली. ‘मावशी, काऊ अजून पावसातच उभाय?’

ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली असेल, सांगितलीही असेल. पण दाराबाहेर काऊ भिजत उभा आहे, हे माझ्या डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं. कारण ही गोष्ट सांगणारा नेहमी चिऊच्या घरात बसून सांगतो. आत ऊब आहे, बाळ आहे, तीट-पावडर आहे. बाहेरून येते ती फक्त टकटक. भाचीने एका प्रश्नात मला उचललं आणि दाराबाहेर, पागोळ्यांखाली नेऊन उभं केलं. पाऊस तोच, दार तेच, ‘थांब’ही तेच. गोष्ट मात्र दुसरीच झाली.

सिनेमा-नाटकांवर, कादंबऱ्यांवर बोलताना ‘नायक’ आणि ‘संघर्ष’ हे दोन शब्द आपण इतके वापरतो की ते नाण्यासारखे गुळगुळीत झालेत. नायक म्हटलं की हिरो डोळ्यांसमोर येतो आणि संघर्ष म्हटलं की हाणामारी, नाहीतर सासू-सुनेचं भांडण. दोन्ही शब्दांचा खरा अर्थ यापेक्षा बराच कामाचा आहे. तो एकदा कळला की एखादा सिनेमा मध्यंतरानंतर का ढेपाळला, हे सांगायला समीक्षक लागत नाही.

फळ कुणाचं?

‘नायक’ हा शब्द ‘नी’ या धातूवरून आला. नी म्हणजे नेणे. जो गोष्टीला पुढे नेतो तो नायक. त्यात देखणा, सज्जन, शूर असं काहीच नाही. संस्कृत नाट्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार सांगितलेत : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. यातला शेवटचा गर्विष्ठ, रागीट, कपटीसुद्धा असू शकतो. म्हणजे ‘अँटी-हिरो’ आत्ता वेबसिरीजच्या काळात सापडला, असं समजायचं कारण नाही.

त्याच शास्त्रातली मला त्याहून आवडलेली गोष्ट म्हणजे मुख्य कथानकाला दिलेलं नाव : ‘आधिकारिक’. म्हणजे ‘अधिकाऱ्याचं’ कथानक. आता हा अधिकारी कोण? तर कथेच्या शेवटी जे फळ मिळायचं, त्याच्यावर ज्याचा हक्क आहे तो. बाकी सगळी उपकथानकं ‘प्रासंगिक’. नाटकाच्या वाटचालीचे टप्पेही या फळाभोवतीच मांडलेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. हवंसं वाटलं, धडपड केली, मिळेलसं वाटू लागलं, मिळणार हे नक्की झालं, मिळालं. हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांनी नायक ओळखण्याची जी खूण सांगितली, ती आजही पटकथा लिहिणाऱ्याला पुरते : इथे कुणाला काय हवंय?

तिकडे ग्रीसमध्ये याच माणसाला ‘प्रोटॅगोनिस्टेस’ हा शब्द होता, त्याचा अर्थ ‘पहिला नट’. त्या शब्दाच्या पोटात ‘आगोन’ म्हणजे झुंज, स्पर्धा लपलेली आहे. सुरुवातीला ग्रीक रंगभूमीवर गाणारं-नाचणारं वृंद असे आणि त्याच्यासमोर एकच नट. हा पहिला नट म्हणून थेस्पिसचं नाव घेतात. दुसरा नट आणला एस्किलसने, तिसरा सोफोक्लीसने, असं ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवलंय. हा तपशील दिसतो तेवढा साधा नाही. एकच नट असेपर्यंत तो फार तर निवेदन करील, विलाप करील. समोर दुसरा आला की तो ‘नाही’ म्हणू शकतो. आणि ‘नाही’ म्हणणारं कुणी समोर आल्याशिवाय पहिल्याला ते हवं होतं तरी किती, हे कळायला मार्ग नसतो.

काऊला हवंय घर, निदान आडोसा. चिऊ म्हणते, थांब. झाली गोष्ट सुरू.

हवंय म्हणजे काय हवंय

‘फँड्री’ हा नागराज मंजुळे यांचा 2013 सालचा सिनेमा बहुतेकांनी पाहिला असेल. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. त्यातल्या खालच्या मानलेल्या जातीतल्या शाळकरी जब्याला काय हवंय? ‘जातिव्यवस्थेचं निर्मूलन’ हे परीक्षेतलं उत्तर झालं. जब्याला हवीये काळी चिमणी. तिची राख अंगावर टाकली की मुलगी प्रेमात पडते, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. त्याचा जीव जिच्यावर जडलाय ती शालू त्याच्याच शाळेत आहे. तो गलोल घेऊन रानात हिंडतो आणि ती चिमणी काही हाती लागत नाही.

चांगला लेखक नायकाला नेहमी अशी हातात धरता येईल एवढी वस्तू देतो. ‘प्रतिष्ठा’ पडद्यावर दाखवता येत नाही. काळी चिमणी येते. प्रेक्षक चिमणीच्या मागे धावत राहतो आणि धावता धावता त्याच्या लक्षात येतं की पोराला हवंय ते चिमणीच्या पलीकडचं : शालूने आपल्याकडे इतर पोरांकडे बघते तसं बघावं, बस.

आणि मग तो शेवटचा भाग. गावातलं डुक्कर पकडायचं काम जब्याच्या घराला लागलंय. शाळेच्या शेजारीच सगळं कुटुंब डुकरामागे धावतंय, शाळेतली पोरं बघून हसतायत आणि जब्या लपायला जागा शोधतोय. डुक्कर अगदी कोंडीत सापडतं आणि नेमकं त्याच क्षणी शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या सावधान उभा राहतो. मग बाकीचेही जागच्या जागी थिजतात. डुक्कर निघून जातं.

राष्ट्रगीताच्या त्या क्षणी एकही संवाद नाही आणि भांडण तर नाहीच. पण संघर्ष म्हणजे काय, हे मला एखाद्याला दाखवायचं झालं तर मी हीच मिनिटं दाखवीन. शाळेने शिकवलेलं सावधान आणि घराने शिकवलेलं डुक्कर पकडणं, ही दोन्ही जब्याचीच. त्याच्या अंगात दोन्ही आहेत. आणि ज्या शाळेने त्याला सावधान उभं राहायला शिकवलं, तिच्याच आवारातून त्याच्यावर हसू येतंय. नंतर ते डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं दिसतात. दिग्दर्शक एक शब्द बोलत नाही. सिनेमा संपताना जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट आपल्या दिशेने येतो. तोवर आपण चिऊच्या घरात बसून बघत होतो. शेवटच्या क्षणी कळतं की दाराआड आपणच आहोत.

भांडण आणि संघर्ष

या दोन्हींत मोठी गल्लत होते. मालिकांमध्ये रोज भांडणं असतात. कप फुटतात, दारं आपटतात, तीनदा विजा चमकतात. तरी दोनशे भाग पाहून झाल्यावर आपण होतो तिथेच असतो. कारण त्या भांडणात कुणालाच काही ठरवावं लागत नाही. सासू ओरडली, सून रडली, दोघी उद्या पुन्हा त्याच स्वयंपाकघरात. कुणाचंही काही गेलं नाही.

संघर्षात मात्र काहीतरी जातं. दोन गोष्टी हव्या असतात आणि एकच मिळणार असते. किंवा एक हवी असते आणि तिच्यासाठी हातातली दुसरी सोडावी लागणार असते. आवाज किती चढला, याचा त्याच्याशी संबंध नाही.

जब्बार पटेल यांच्या ‘सामना’त (पटकथा विजय तेंडुलकरांची) साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील आणि दारूत बुडालेला एक म्हातारा मास्तर हे दोघे बराच वेळ चक्क एकमेकांच्या सहवासात असतात. हिंदुरावच मास्तरला ठेवून घेतो. खायला-प्यायला घालतो, आपलं साम्राज्य हौसेने दाखवतो. मास्तर एकच करतो. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं, हे विचारतो. पुन्हा विचारतो. हिंदुराव झालेले निळू फुले आणि मास्तर झालेले श्रीराम लागू यांच्यात आरडाओरडा फारसा नाही, पण तो प्रश्न दर वेळी आला की हिंदुरावचं सगळं वैभव थोडं आतून पोखरतं. मास्तरला उत्तर हवंय. हिंदुरावला प्रश्न संपायला हवाय. दोघांचं एकाच वेळी होणं शक्य नाही.

इथे खलनायकाबद्दलही सांगून टाकते. खलनायक म्हणजे वाईट माणूस, ही सोय आहे, व्याख्या नव्हे. नायकाला जे हवंय त्याच्या आड जो उभा आहे, तो प्रतिनायक. तो सज्जनही असू शकतो. चिऊ वाईट आहे का? तिचं बाळ लहान आहे, बाहेर वादळ आहे, आणि दारावर आहे तो कावळा. पाखरांच्या जगात कावळा घरट्यातल्या पिल्लांचं काय करतो, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. एवढं लक्षात घेतलं की तिच्या प्रत्येक ‘थांब’ला वजन येतं.

दुसरा माणूस बसवून बघा

नायक आणि त्याचा पेच एकमेकांत किती गुंतलेत, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. नायकाच्या जागी मनाने दुसराच माणूस बसवायचा.

वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ 1970 साली रंगभूमीवर आलं. गणपतराव ऊर्फ अप्पा बेलवलकर हे नामवंत नट रंगभूमीवरून निवृत्त होतात, जे काही आहे ते मुलांना वाटून टाकतात आणि मग मुलाच्या घरात, मुलीच्या घरात अडगळ होत जातात. आता अप्पांच्या जागी बँकेतून निवृत्त झालेले एखादे व्यवहारी काका ठेवून बघा. ‘समोरचं ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये’ ही म्हण त्यांना पाठ असणार. ते फ्लॅट स्वतःच्या नावावर ठेवतील, मृत्युपत्र करतील, पासबुक कपाटात कुलूपबंद. पहिल्या अंकात नाटक संपलं. किंवा तिथे एखादा गरीब, मुकाट सोसणारा बाप ठेवा. तो सुनेच्या बोलण्यावर मान खाली घालील, कोपऱ्यात चहा पिईल. डोळ्यांत पाणी येईल आपल्या, पण तीन अंक होणार नाहीत.

अप्पांचं तसं नाही. त्यांनी आयुष्यभर राजे रंगवले. राजासारखं देऊन टाकणं ही त्यांची शेवटची मोठी भूमिका आहे आणि तिला टाळी पडावी, ही अपेक्षाही आहे. राज्य तर दिलं, पण राजेपण सुटत नाही. घरात मोठ्याने बोलायचं नाही, हे त्यांच्या आवाजाला माहीतच नाही. म्हणून मुलांच्या मध्यमवर्गीय खोल्यांत हा माणूस मावत नाही. शेक्सपिअरच्या लिअर राजाची सावली या नाटकावर आहे हे सगळेच सांगतात. पण लिअर खरोखरीचा राजा होता आणि बेलवलकर रंगवलेला. माझ्या मते शिरवाडकरांनी पेच तिथे जास्त अवघड करून ठेवलाय, कारण रंगवलेलं राज्य काढून घेता येत नाही आणि परतही देता येत नाही.

मुलं दुष्ट आहेत म्हणून हे नाटक घडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सुनेच्या जागी बसून ते वाचावं. तीही पूर्ण चुकीची नाही. अप्पांचा स्वभाव हीच त्यांची मोठी अडचण आहे आणि त्याच स्वभावावर आपला जीवही जडतो. स्वभावातून पेच, पेचातून निवड, निवडीतून पुढचा प्रसंग. कथानक वेगळं असं काही नसतंच. माणूस आणि त्याचा पेच यांना बराच वेळ एका खोलीत ठेवलं की जे होतं, त्यालाच आपण नंतर कथानक म्हणतो.

जागा बदलली की

महाभारत आपल्याला बहुधा पांडवांच्या बाजूने कळतं. शिवाजी सावंतांनी 1967 मध्ये ‘मृत्युंजय’ लिहिली आणि वाचकाला उचलून कर्णाच्या रथावर बसवलं. युद्ध तेच, रुतलेलं चाक तेच. पण आता समोरून येणारा अर्जुन आपल्याला परका वाटतो. कादंबरी एकट्या कर्णाच्या तोंडूनही नाही. कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, कृष्ण हेही आपापली बाजू सांगतात. एका माणसाला सहा दारांतून बघायचं. घरोघरी आजही ज्या उत्कटतेने लोक कर्णावरून वाद घालतात, त्याच्या मुळाशी ही जागा बदलण्याची किमया आहे. ही किमया नवी नाही. भासाच्या ‘ऊरुभंगा’त मांड्या मोडून पडलेला दुर्योधनच मध्यभागी आहे आणि त्याला बघताना भीमाचा विजय नकोसा होतो.

जागा बदलली म्हणजे लगेच खलनायक निर्दोष सुटला, असं नाही. त्याला काय हवं होतं आणि ते मिळवताना त्याचं काय गेलं, एवढं कळतं. माफ करायचं की नाही, ते वाचकाने बघावं.

कुणीच आडवं नसतं तेव्हा

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये (2004) खलनायक नाही. कोकणातल्या परशुराम नावाच्या पोराला डोळ्यांचा कॅन्सर झालाय. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण दृष्टी जाणार. डॉक्टर चांगले आहेत, मदतीला समाजसेविका आहे, आजोबांचं नातवावर जिवापाड प्रेम आहे. मग पेच कुठाय? जीव की डोळे, यात निवडायला काही नाहीच. कोणताही आजा जीवच निवडेल. खरी अडचण पुढे आहे. हे त्या पोराला सांगायचं कुणी आणि कसं? डॉक्टरांचा आग्रह आहे की त्याला सांगितलं पाहिजे. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

आणि मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं तेव्हा हा म्हातारा नातवाला घेऊन कुणालाही न सांगता इस्पितळातून गायब होतो. तिकडे धावपळ, शोधाशोध. इकडे तो पोराला शहर दाखवत हिंडतोय. आता डोळे आहेत तोवर जे दिसेल ते दिसू दे. नियमाने बघितलं तर हे चूक आहे. पण आजोबांच्या हातात उरलेली ही एकच गोष्ट आहे आणि ती ते करतात. माणसाला रोगाशी लढता येत नसेल तेव्हा तो काय निवडतो, यावरून तो कोण आहे ते कळतं. रोग हा या सिनेमात प्रतिनायकही नाही, तो फक्त घड्याळ आहे.

काही गोष्टींत नायक लढतच नाही, नुसता बघतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो आणि हळूहळू त्या माणसांत मिसळतो. शाळा भरते, तालीम उभी राहते. पण गावाशी दोन हात करतो तो दुष्काळ, मास्तर नव्हे. शेवटी वस्ती रिकामी होते तेव्हा त्याच्या हातात थांबवण्यासारखं काहीच नसतं. त्याचं काम साक्षीदाराचं. आणि तो बाहेरून आलेला असल्यामुळेच गावकऱ्यांना जे रोजचं वाटतं ते त्याला दिसतं, आणि त्याच्यामुळे आपल्यालाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ तर आणखी पुढे जातो. एका लोकशाहिरावर खटला चालू आहे : त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा आरोप. कागदोपत्री नायक तोच. पण कॅमेरा कोर्ट सुटल्यावर त्याला सोडून बचावाच्या वकिलाच्या मागे जातो, मग सरकारी वकीलबाईंच्या मागे. त्या लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, वाढतात. दिवसा एका माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी युक्तिवाद करणाऱ्या बाई संध्याकाळी आपल्या शेजारणीसारख्याच. सिनेमा संपतो तो सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांवर : बाकावर डुलकी लागलीय, पोरं खोडी काढून जागं करतात, ते एकाला थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी वैतागले होते की हा शेवट काय झाला! नंतर लक्षात आलं की शाहिराच्या आड कुणी एक माणूस उभाच नाहीये. तारखा आहेत, जुने कायदे आहेत, दमलेली, साधी, घरी वेळेवर पोचू पाहणारी माणसं आहेत. असा प्रतिनायक दाखवायचा तर कॅमेऱ्याला नायकापासून दूर जावंच लागतं.

तर पुन्हा काऊ-चिऊ. या गोष्टीचा शेवट घरोघरी वेगळा असतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. काही घरांत चिऊ शेवटी दार उघडते आणि काऊ चुलीपाशी शेक घेत बसतो. काही घरांत तो चुलीवर पोळतो. काही ठिकाणी तो आत येऊन रात्री चिऊचा खाऊ फस्त करतो, म्हणजे तिने दार उघडलं नसतं तेच बरं! ज्या घरात ‘परक्याला आत घेऊ नये’ हे शिकवायचं आहे तिथे काऊला पोळावंच लागतं. शेवट ठरवणारा आधी हे ठरवतो की किंमत कुणी मोजायची.

त्या रात्री मी भाचीला सगळी गोष्ट काऊच्या बाजूने सांगितली. पंख जड झालेत, चोचीतून पाणी गळतंय, आतून पोळीचा वास येतोय आणि प्रत्येक टकटकीला एक ‘थांब’. तिने डोळे विस्फारून ऐकली. संपल्यावर थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं, झोपली.

‘मावशी, आता बाळाची सांग.’

बाळाची? बाळ तर गोष्टभर नुसतं अंघोळ करतंय, तीट लावून घेतंय. त्याला आत आई दिसतेय आणि बाहेरून टकटक ऐकू येतेय. दार त्याला उघडता येत नाही. मी सुरुवात करायला तोंड उघडलं आणि अडले, कारण त्याला हवंय काय, तेच मला ठरवता येईना.